ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातील दफनभूमी

ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवर पसरलेले आहे. या उद्यानाच्या हद्दीत दीडशेहून अधिक जुन्या दफनभूमी आहेत. उद्यान स्थापन होण्यापूर्वी या डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी आपल्या माणसांना येथे पुरले. १९२० ते १९४५ या काळात आधी उद्यानासाठी आणि नंतर फोंटाना धरणासाठी ही कुटुंबे येथून उठवली गेली. त्यांची घरे, शाळा, गिरण्या आणि कुंपणे बहुतांशी नष्ट झाली. दफनभूमी मात्र जागच्या जागी राहिल्या. काही दफनभूमी मोटाररस्त्यालगत आहेत, परंतु अनेक ठिकाणी केवळ पायवाटेने किंवा जलाशय ओलांडून जावे लागते. त्यामुळे जुन्या दफनभूमींपर्यंतची पदयात्रा हा या उद्यानातील पदभ्रमणाचा एक वेगळा प्रकार ठरला आहे. विस्थापितांच्या वंशजांसाठी ही पदयात्रा म्हणजे पूर्वजांच्या गावाशी उरलेला शेवटचा प्रत्यक्ष संबंध होय.

## भौगोलिक पार्श्वभूमी

स्मोकी पर्वत हा ॲपलेशियन पर्वतप्रणालीचा भाग आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख २२ हजार एकर, म्हणजे सुमारे २,११४ चौरस किलोमीटर आहे. कुवोही (२,०२५ मीटर) हे येथील सर्वोच्च शिखर. पूर्वी ते क्लिंगमन्स डोम या नावाने ओळखले जात असे. २०२४ मध्ये त्याचे मूळ चेरोकी नाव अधिकृतपणे पुन्हा स्वीकारण्यात आले. उंच भागात पाऊस भरपूर पडतो आणि दऱ्यांमध्ये वर्षातील बराच काळ धुके साचून राहते. या निळसर धुक्यावरूनच पर्वताला 'स्मोकी', म्हणजे धुरकट, हे नाव पडले.

उंच कड्यांच्या मध्ये सपाट तळ असलेली खोरी आहेत. तेथील भाषेत अशा खोऱ्याला 'कोव्ह' म्हणतात. खोऱ्यातली माती सुपीक व पाणी मुबलक असल्याने वस्ती तेथेच झाली. दफनभूमीसाठी मात्र खोऱ्यातील कसदार जमीन न वापरता लगतच्या टेकडीचा माथा किंवा डोंगराची सोंड निवडली जाई. तेथे पाणी साचत नसे, पुराची भीती नसे आणि पिकाची जमीनही वाया जात नसे. आजच्या पदयात्रीला दफनभूमीकडे जाताना बहुधा शेवटी एक छोटी पण खडी चढण चढावी लागते, त्याचे कारण हेच आहे.

## इतिहास

### चेरोकी आणि वसाहतकार

हा प्रदेश मुळात चेरोकी लोकांचा आहे. १८३५ च्या न्यू इकोटा तहाचा आधार घेऊन १८३८ मध्ये अमेरिकी सैन्याने बहुसंख्य चेरोकींना बळजबरीने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे पाठवले. या प्रवासात हजारो लोक मृत्युमुखी पडले. 'अश्रूंची वाट' या नावाने ही घटना ओळखली जाते. ओकोनालफ्टी नदीच्या परिसरातील काही चेरोकी मागे राहिले. त्यांचे वंशज 'ईस्टर्न बँड' म्हणून ओळखले जातात आणि त्यांची क्वाला बाउंडरी ही भूमी आजही उद्यानाला लागून आहे. त्यामुळे येथील दफनभूमींचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: विसाव्या शतकात विस्थापित झालेले शेतकरी स्वतः ज्या भूमीवर आले होते, तेथून त्यापूर्वीही एक समाज हलवला गेला होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉट-आयरिश, इंग्लिश आणि जर्मन वंशाचे शेतकरी या खोऱ्यांत येऊ लागले. केड्स कोव्ह या खोऱ्यात जॉन ऑलिव्हर व त्याची पत्नी लुरेना १८१८ च्या सुमारास आले. ओकोनालफ्टी खोऱ्यातील काही जमीनदार कुटुंबांकडे गुलाम आफ्रिकी-अमेरिकी मजूरही होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड कंपन्या आल्या, त्यांनी डोंगरांत रेल्वे नेली आणि जंगलाचा मोठा भाग तोडला. हेझल क्रीकच्या काठावरचे प्रॉक्टर हे गाव या उद्योगामुळे हजाराहून अधिक वस्तीचे झाले.

### उद्यानाची निर्मिती

अमेरिकेच्या पश्चिमेकडील बहुतेक राष्ट्रीय उद्याने सरकारी जमिनीवर झाली. स्मोकी पर्वतातील जमीन मात्र खाजगी मालकीची होती. अमेरिकी काँग्रेसने १९२६ मध्ये उद्यानाला मंजुरी दिली, पण जमीनखरेदीचे काम दोन्ही राज्यांवर सोपवले. राज्यांचा निधी, लोकवर्गणी आणि शाळकरी मुलांनी जमवलेली नाणी यांतून पैसा उभा राहिला. उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी आईच्या स्मरणार्थ ५० लाख डॉलर दिले. जमिनीचा मोठा हिस्सा लाकूड कंपन्यांचा होता, परंतु सुमारे १,२०० लहान जमीनमालकांनाही आपली शेते सोडावी लागली. काहींनी स्वखुशीने जमीन विकली. काहींची जमीन सक्तीच्या संपादनाने गेली. केड्स कोव्हमधील जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर याने संपादनाविरुद्ध न्यायालयात दीर्घ लढा दिला. अखेर तो हरला आणि १९३७ मध्ये त्याने खोरे सोडले.

वृद्ध व आजारी माणसांपैकी काहींना हयात असेपर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. मात्र त्यांना झाड तोडण्यास व शिकार करण्यास बंदी होती. लिटल ग्रीनब्रायरमधील वॉकर भगिनी या प्रकारे आपल्या लाकडी घरात राहिल्या. त्यांच्यापैकी शेवटची बहीण १९६४ मध्ये वारली. १९३४ मध्ये उद्यान अधिकृतपणे स्थापन झाले आणि २ सप्टेंबर १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्यूफाउंड गॅप या खिंडीत त्याचे लोकार्पण केले. १९८३ मध्ये युनेस्कोने उद्यानाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

रिकामी झालेली बहुतेक घरे पाडण्यात आली. जुन्या बैलगाडीच्या वाटा आणि लाकूड कंपन्यांच्या रेल्वेचे बांध यांच्यावरच पुढे पदभ्रमणाच्या अनेक वाटा आखल्या गेल्या. त्यामुळे आज रानवाट म्हणून जिच्यावरून लोक चालतात, ती पुष्कळदा एखाद्या गावाचा जुना रस्ता असते.

## दफनभूमींचे स्वरूप

येथील दफनभूमींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार चर्चच्या आवारातील दफनभूमींचा आणि दुसरा कुटुंबाच्या किंवा वाडीच्या दफनभूमींचा. दुसऱ्या प्रकारात कधी दोन-चार, तर कधी काही डझन थडगी असतात.

जुन्या थडग्यांवर घडवलेला दगड क्वचितच आढळतो. ओढ्यातून किंवा शेतातून आणलेला एक साधा दगड डोक्याशी आणि दुसरा लहान दगड पायाशी उभा केला जाई. त्यावर अक्षरे नसत. गावातील प्रत्येकाला कोण कोठे आहे हे ठाऊक असल्याने त्यांची गरजही भासत नसे. गाव उठल्यावर मात्र ही माहिती माणसांबरोबर गेली आणि अनेक दगड कायमचे निनावी झाले. नंतरच्या काळात वंशजांनी व स्वयंसेवकांनी काही थडग्यांवर नव्या नामशिळा बसवल्या आहेत.

थडगी साधारणपणे पूर्व-पश्चिम असतात आणि मृताचे पाय पूर्वेकडे असतात. पुनरुत्थानाच्या दिवशी मृताने उठून उगवत्या सूर्याकडे तोंड करावे, अशी त्यामागील ख्रिस्ती श्रद्धा आहे. परंपरेनुसार थडग्यावर मातीचा लांबट उंचवटा रचत आणि दफनभूमीतील गवत पूर्ण खरवडून जमीन उघडी व स्वच्छ ठेवत. त्यामुळे पूर्वी दफनभूमी म्हणजे रानातील झाडलेले अंगणच वाटे.

मृत्यूनंतरचे विधी गावकरीच पार पाडत. शेजारी रात्र जागवत, साठवून ठेवलेल्या फळ्यांतून शवपेटी तयार करत आणि खड्डा खणत. केड्स कोव्हमध्ये कोणी वारले की मृताच्या वयाइतके टोल चर्चच्या घंटेवर दिले जात. टोल मोजून दूरच्या शेतातील माणसालाही कोण गेले असावे याचा अंदाज येई. फिरते धर्मोपदेशक क्वचितच येत असल्याने मृत्यूवरील प्रवचन कधीकधी दफनानंतर काही महिन्यांनी होई.

लहान आकाराच्या थडग्यांची संख्या जवळजवळ प्रत्येक दफनभूमीत मोठी आहे. एकाच तारखेला जन्म व मृत्यू कोरलेले दगडही आढळतात. बालमृत्यू, बाळंतपणातील मृत्यू आणि १९१८-१९ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांची साक्ष हे दगड देतात. ज्या वस्त्यांची लेखी कागदपत्रे फारशी उरलेली नाहीत, त्यांच्या सामाजिक इतिहासाचे हे एक महत्त्वाचे साधन आहे.

## प्रमुख दफनभूमी व तेथे जाणाऱ्या वाटा

### केड्स कोव्ह

टेनेसीकडील केड्स कोव्ह हे खोरे उद्यानातील सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे. खोऱ्याभोवती ११ मैलांचा (सुमारे १८ किलोमीटर) वर्तुळाकार एकेरी रस्ता आहे. या रस्त्यावर प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट (इमारत १८८७), मेथडिस्ट (१९०२) आणि मिशनरी बॅप्टिस्ट (१९१५) अशी तीन चर्च आहेत. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात जॉन व लुरेना ऑलिव्हर यांची थडगी आहेत. रसेल ग्रेगरी याचे थडगेही तेथेच आहे. अमेरिकी यादवी युद्धात केड्स कोव्हमधील बहुसंख्य लोक संघराज्याच्या बाजूचे होते. १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाकडून आलेल्या दक्षिणी हल्लेखोरांनी ग्रेगरीची हत्या केली. त्याच्या स्मृतिशिलेवर 'हत्या' हा शब्द आणि मारणाऱ्यांचा उल्लेख दोन्ही स्पष्टपणे कोरलेले आहेत. शेजारच्या राज्याविषयीचा राग दगडावर टिकून राहिल्याचे हे उदाहरण आहे.

### ग्रीनब्रायर आणि लिटल ग्रीनब्रायर

ग्रीनब्रायर भागातील पोर्टर्स क्रीकची वाट नवख्या पदयात्रींनाही सोयीची आहे. ही वाट जुन्या रस्त्यावरून जाते. सुरुवातीच्या दीड किलोमीटरच्या आत दगडी गडगे, घरांच्या पायऱ्या आणि ओनबी दफनभूमी लागते. पुढे जुने धान्यकोठार आहे. वसंत ऋतूत येथे रानफुलांचा बहर असतो.

लिटल ग्रीनब्रायरमध्ये १८८२ मध्ये बांधलेली एकखोली लाकडी शाळा आहे आणि शाळेला लागूनच दफनभूमी आहे. मेटकाफ बॉटम्स येथून ओढ्याकाठच्या छोट्या पायवाटेने शाळेपर्यंत जाता येते. तेथून सुमारे पावणेदोन किलोमीटर चालल्यावर वॉकर भगिनींचे घर येते. शाळा, दफनभूमी आणि घर ही तिन्ही स्थळे एकाच सकाळी पाहता येत असल्याने वस्तीचे दैनंदिन जीवन समजून घेण्यासाठी ही वाट विशेष उपयुक्त आहे.

### कॅटालूची

नॉर्थ कॅरोलिनाकडील कॅटालूची ही एकेकाळी स्मोकी पर्वतातील सर्वांत मोठी वस्ती होती. १९१० मध्ये तेथे बाराशेहून अधिक लोक राहत होते. पामर चॅपल (१८९८) या चर्चमध्ये विस्थापितांचे वंशज ऑगस्ट महिन्यात स्नेहमेळाव्यासाठी जमतात. प्रार्थना, सामुदायिक भोजन आणि थडग्यांची सजावट हे त्याचे मुख्य भाग असतात. येथे पुरलेल्या 'टर्की जॉर्ज' पामर या शिकाऱ्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. शंभराहून अधिक अस्वले मारल्यामुळे ती आपल्या देहाचा सूड उगवतील, अशा भीतीपोटी त्याला पोलादी शवपेटीत पुरल्याचे सांगितले जाते.

लिटल कॅटालूची बॅप्टिस्ट चर्च (१८८९) हे शेजारच्या खोऱ्यातील एका उंचवट्यावर आहे. जवळच्या मार्गाने सुमारे तीन किलोमीटर चालून तेथे पोहोचता येते. पांढऱ्या रंगाचे लाकडी चर्च आणि उतारावर पसरलेली दफनभूमी भोवतालच्या दाट जंगलात अचानक समोर येते. २००१ पासून कॅटालूचीत एल्क या मोठ्या हरणांचे पुनर्वसन करण्यात आले. सप्टेंबर २०२४ मधील हेलीन चक्रीवादळाने या भागातील रस्त्यांचे व वाटांचे मोठे नुकसान केले.

### ओकोनालफ्टी

चेरोकी गावाजवळच्या मिंगस मिल या जुन्या पाणगिरणीच्या वाहनतळापासून काही पावलांवर, झाडीतील एका टेकडीवर, गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी-अमेरिकी लोकांची लहान दफनभूमी आहे. येथे केवळ साधे दगड आहेत, नावे नाहीत. गिरणी पाहणाऱ्या अनेकांना ती जवळच असल्याची कल्पनाही नसते. अलीकडच्या काळात राष्ट्रीय उद्यान सेवेने स्मोकी पर्वतातील आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या इतिहासाचा अभ्यास हाती घेतला आहे.

### हेझल क्रीक

फोंटाना जलाशयाच्या उत्तरेकडील हेझल क्रीक हे खोरे मोटाररस्त्याने जोडलेले नाही. पदयात्री बोटीने जलाशय ओलांडून येतात किंवा लेकशोर या लांब वाटेने चालत येतात. एकेकाळच्या प्रॉक्टर गावातील एक घर आणि लाकूड गिरणीचे अवशेष आजही दिसतात. गावावरच्या टेकडीवरील प्रॉक्टर दफनभूमीत पहिले वसाहतकार मोझेस आणि पेशन्स प्रॉक्टर यांची थडगी आहेत. लेखक होरेस केफार्ट १९०४ पासून काही वर्षे या खोऱ्यात राहिला. त्याचा 'अवर सदर्न हायलँडर्स' (१९१३) हा ग्रंथ येथील अनुभवांवर आधारलेला आहे. पुढे उद्यानाच्या स्थापनेसाठी झटणाऱ्यांत तो अग्रणी होता. ज्या शेजाऱ्यांविषयी त्याने लिहिले, त्यांचे गाव पुढे रिकामे झाले. स्वतः केफार्ट १९३१ मध्ये मोटार अपघातात मरण पावला आणि त्याचे थडगे उद्यानाबाहेर ब्रायसन सिटी येथे आहे.

खोऱ्यात आणखी आत 'बोन व्हॅली', म्हणजे हाडांची दरी, आहे. वसंतातील अनपेक्षित हिमवादळात चरायला सोडलेली गुरे गारठून मेली आणि त्यांची हाडे तेथे दीर्घकाळ पडून राहिली, यावरून हे नाव पडले. येथे हॉल कुटुंबाचे लाकडी घर व दफनभूमी आहे. हेझल क्रीकमधील हिग्डन दफनभूमीत इतर थडग्यांपासून काहीशा अंतरावर एक थडगे असून त्याच्या शिळेवर नावाऐवजी केवळ 'एक कृष्णवर्णीय माणूस' अशा अर्थाचे शब्द आहेत. स्थानिक परंपरेनुसार, इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्याने गावातील आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि शेवटी त्याच आजाराने तो गेला. त्याची सेवा लोकांच्या आठवणीत राहिली, नाव मात्र राहिले नाही.

## फोंटाना धरण आणि 'कोठेही न जाणारा रस्ता'

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमनिर्मितीसारख्या युद्धोद्योगांसाठी विजेची गरज वाढली. त्यामुळे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी (टीव्हीए) या सरकारी संस्थेने १ जानेवारी १९४२ रोजी लिटल टेनेसी नदीवर फोंटाना धरणाचे काम सुरू केले. सुमारे १४६ मीटर उंचीचे हे धरण १९४४ च्या अखेरीस पूर्ण झाले. तेराशेहून अधिक कुटुंबे विस्थापित झाली. नदीकाठचा रस्ताही पाण्याखाली गेला. उत्तर किनाऱ्यावरील उंचावरची जमीन बुडणार नव्हती, परंतु रस्ता गेल्यामुळे तीही तुटली. म्हणून तेथील सुमारे ४४,००० एकर जमीन घेऊन ती राष्ट्रीय उद्यानाला जोडण्यात आली.

पाण्याखाली जाणारी थडगी इतरत्र हलवण्यात आली. उंचावरील दोन डझनांहून अधिक दफनभूमी मात्र तशाच राहिल्या. १९४३ मध्ये टीव्हीए, अमेरिकेचे गृहखाते, नॉर्थ कॅरोलिना राज्य आणि स्वेन काउंटी यांच्यात करार झाला. युद्धानंतर निधी मंजूर होताच उत्तर किनाऱ्याने नवा रस्ता बांधण्याचे आश्वासन त्यात होते. आपल्या माणसांच्या थडग्यांपर्यंत परत येता येईल, या विश्वासावर अनेक कुटुंबांनी गाव सोडले.

रस्त्याचे बहुतेक काम १९६० च्या दशकात झाले. ब्रायसन सिटीकडून सुमारे ११ किलोमीटर रस्ता आणि सुमारे ३६५ मीटर लांबीचा एक बोगदा एवढेच काम पूर्ण झाले. खणलेल्या विशिष्ट खडकातून आम्ल झिरपून ओढ्यांतील जीवसृष्टीला धोका होऊ लागल्याने, तसेच खर्चामुळे, १९७० च्या दशकाच्या आरंभी काम थांबले ते कायमचेच. बोगद्यापलीकडे रस्ता संपून पायवाट सुरू होते. लोकांनी त्याला 'कोठेही न जाणारा रस्ता' असे नाव दिले. आज अनेक पदयात्री याच अंधाऱ्या बोगद्यातून चालत लेकशोर वाटेवर येतात.

पुढील अनेक दशके या प्रश्नावर वाद होत राहिला. विस्थापितांपैकी अनेकांना रस्ता हवा होता. त्यांच्या दृष्टीने तो दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पर्यावरणवाद्यांचा विरोध होता, कारण पूर्व अमेरिकेतील रस्ताविरहित जंगलाचा एक मोठा सलग पट्टा त्यामुळे दुभंगला असता. स्वेन काउंटीतील काही नागरिकांनी रस्त्याऐवजी रोख भरपाईची मागणी केली. सविस्तर अभ्यासानंतर राष्ट्रीय उद्यान सेवेने २००७ मध्ये भरपाईचा पर्याय निवडला आणि २०१० मध्ये ५ कोटी २० लाख डॉलरच्या भरपाईवर समझोता झाला. शेवटची रक्कम काउंटीला २०१८ मध्ये मिळाली. पैशाचा प्रश्न सुटला. दफनभूमींपर्यंत रस्ता मात्र झाला नाही.

## डेकोरेशन डे

'डेकोरेशन डे' म्हणजे थडगी सजवण्याचा दिवस ही दक्षिण ॲपलेशियन प्रदेशातील जुनी प्रथा आहे. वर्षातून एकदा, बहुधा रविवारी, कुटुंबे आपापल्या दफनभूमीत जमतात. आधी वाळलेली पाने व गवत काढून जागा साफ करतात, थडग्यांवरील मातीचे उंचवटे नीट करतात आणि प्रत्येक थडग्यावर फुले ठेवतात. आपल्या कुटुंबाचे नसलेले किंवा निनावी थडगेही वगळले जात नाही. नंतर प्रार्थना, भक्तिगीते, प्रवचन आणि सर्वांनी घरून आणलेल्या पदार्थांचे सहभोजन होते. पूर्वी रानातील फुले किंवा कागदाची फुले वापरत. आता टिकाऊ कृत्रिम फुले अधिक दिसतात.

उत्तर किनाऱ्यावर ही प्रथा स्थलांतरानंतर खंडित झाली होती. विस्थापित कुटुंबांतील लोकांनी १९७८ मध्ये ती संघटितपणे पुन्हा सुरू केली. तेव्हापासून वसंत ते शरद या काळात निरनिराळ्या दफनभूमींसाठी ठरावीक दिवस नेमले जातात. राष्ट्रीय उद्यान सेवा त्या दिवशी कुटुंबांना बोटीने जलाशयापार नेते आणि वृद्धांसाठी जुन्या रस्त्यांवर वाहनांची सोय करते. शेवटची चढण बहुतेकांना पायीच चढावी लागते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक ॲलन जबूर यांनी पत्नी कॅरन सिंगर जबूर यांच्यासह या प्रथेचा क्षेत्रीय अभ्यास केला; त्यांचा 'डेकोरेशन डे इन द माउंटन्स' हा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

## पदभ्रमण करताना

उद्यानात सुमारे १,३०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या पायवाटा आहेत. प्रवेशशुल्क नाही, मात्र २०२३ पासून पंधरा मिनिटांहून अधिक काळ वाहन उभे करण्यासाठी सशुल्क परवाना घ्यावा लागतो. अनेक दफनभूमी मुख्य वाटेवर नसून बाजूच्या फाट्यावर असतात आणि सर्वच फाट्यांवर पाट्या नसतात. म्हणून चांगला नकाशा जवळ बाळगणे आवश्यक असते. मोबाईलचे जाळे बहुतेक खोऱ्यांत मिळत नाही.

पानगळीनंतरचा हिवाळा जुन्या वस्त्यांचा माग काढण्यास सर्वांत सोयीचा असतो, कारण तेव्हा गडगे, धुराडी व थडग्यांचे दगड स्पष्ट दिसतात. वसंताच्या आरंभी रानात ओळीने फुललेले डॅफोडिल हे तेथे पूर्वी घराचे अंगण असल्याची खूण समजले जाते. सदाहरित व्हिंका या वेलीचे दाट आच्छादनही जुन्या दफनभूमीजवळ अनेकदा आढळते. मुसळधार पावसानंतर ओढे ओलांडणे धोक्याचे असते. काळी अस्वले, एल्क, विषारी साप आणि त्वचेला दाह करणारी पॉयझन आयव्ही ही वनस्पती यांपासून सावध राहावे लागते. अस्वल व एल्क यांच्यापासून किमान ५० यार्ड (सुमारे ४६ मीटर) अंतर ठेवणे बंधनकारक आहे.

दफनभूमीत वागण्याचे काही संकेत रूढ आहेत. थडग्यांवरून चालू नये, दगडांना टेकू नये किंवा ते हलवू नयेत. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून दगड घासणे, त्यावर खडू किंवा रसायन लावणे टाळावे, कारण मऊ दगड त्याने झिजतो. कृत्रिम फुले हा कचरा नसून कुटुंबाने वाहिलेली आदरांजली असते. ती उचलू नयेत. उद्यानातून कोणतीही जुनी वस्तू नेणे व धातुशोधक यंत्र वापरणे कायद्याने निषिद्ध आहे. सजावटीचा कार्यक्रम चालू असल्यास पाहुण्यांचे सहसा स्वागत होते, परंतु परवानगीवाचून छायाचित्रे घेणे शिष्टसंमत मानले जात नाही.

## जतनापुढील प्रश्न

वादळात कोसळणारी झाडे, मुळांमुळे कलणारे दगड, पाऊस व शेवाळे यांमुळे शिळांवरील अक्षरे पुसट होतात. उद्यानाचे कर्मचारी, वंशज आणि स्वयंसेवक साफसफाई, नोंदणी व छायाचित्रण करतात. त्याहून कठीण प्रश्न स्मृतीचा आहे. फोंटाना जलाशय भरला तेव्हा जी मुले दहा वर्षांची होती, ती आज नव्वदी ओलांडलेली आहेत. अक्षरे नसलेल्या दगडाखाली कोण आहे हे सांगू शकणारी पिढी संपत आली आहे. म्हणूनच अनेक कुटुंबांत ज्येष्ठांनी मुलानातवंडांना बरोबर नेऊन प्रत्येक थडगे दाखवणे हा सजावटीच्या दिवसाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

## महत्त्व

उद्यानाला दरवर्षी १ कोटी २० लाखांहून अधिक भेटी दिल्या जातात. त्यांपैकी बहुतेकांना हे जंगल अनादी व निर्मनुष्य वाटते. वस्तुतः त्याचा मोठा भाग तोडलेल्या रानावर आणि सोडलेल्या शेतांवर गेल्या शतकात पुन्हा वाढलेला आहे. दफनभूमी ही गोष्ट डोळ्यांसमोर आणतात. निसर्गसंरक्षणाचे यश आणि त्यासाठी काही कुटुंबांनी मोजलेली किंमत या दोन्हींची नोंद या डोंगरांत शेजारीशेजारी आहे. चेरोकींचे स्थलांतर, गुलामांची निनावी थडगी आणि शेतकऱ्यांचे विस्थापन हे या इतिहासाचे तीन थर आहेत. त्यांपैकी शेवटच्या थरातील लोकांना निदान वर्षातून एकदा परत येण्याची वाट उरली आहे.